बेरा तपासणीपूर्वी: सरासरीत उरणारा नॉइज मोजण्याची तयारी

बेरा तपासणीत बाळाच्या कानात क्लिक ऐकवले जातात आणि श्रवणचेतेपासून मस्तिष्कस्तंभापर्यंत उमटणारा विद्युत प्रतिसाद डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपला जातो. ऐकू येण्याच्या उंबरठ्याजवळ या प्रतिसादातील पाचव्या लाटेची उंची जेमतेम 0.1 मायक्रोव्होल्ट, कधी त्याहूनही कमी भरते. त्याच वेळी मेंदूची आणि स्नायूंची इतर विद्युत हालचाल तिच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणून हजारो स्वीपची, म्हणजे एकेका क्लिकनंतरच्या छोट्या नोंदींची, सरासरी काढली जाते. सरासरीनंतरही नॉइज उरतोच, आणि तो किती उरला हे आकड्यात सांगता येत नसेल तर सपाट रेषा पाहून ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिता येत नाही, कारण त्या दोन शब्दांवर एखाद्या तान्ह्या मुलाला श्रवणयंत्र लावण्याचा निर्णय उभा राहतो. पुढील तयारी हा आकडा विश्वासार्ह यावा यासाठी आहे आणि तिचा बराचसा भाग बाळ झोपण्यापूर्वीच पुरा करावा लागतो.

पहिली सूचना तपासणीच्या आदल्या दिवशी फोनवरच द्यावी. बाळाला भुकेले आणि झोपेला आलेले आणावे, म्हणजे येथे दूध पाजल्यावर ते गाढ झोपेल. आणि त्या दिवशी अंघोळीनंतर तेल लावू नये, टाळू भरू नये. आपल्याकडे पुष्कळ घरांत तान्ह्या बाळाची टाळू रोज तेलाने भरतात, आणि सक्रिय इलेक्ट्रोड नेमका तिच्या लगत, कपाळाच्या वरच्या टोकाला बसतो. तेलकट त्वचेवर पेस्ट धरत नाही, इम्पीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामधील विद्युत अडथळा) खाली येत नाही आणि घासाघाशीत बाळ जागे होते. आजीला हे कारणासह सांगितले तर ती आनंदाने ऐकते, असा माझा अनुभव आहे. कानामागची जागा आणि कपाळ स्किन प्रेप जेलने हलके घासून प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स 5 किलोओहमच्या खाली आणावा आणि इलेक्ट्रोडांमधील फरक 2 किलोओहमच्या आत ठेवावा. या दोहोंत फरकाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखाच येणारा विजेच्या लाइनचा नॉइज प्रवर्धकात वजा होतो तो इम्पीडन्स जुळत असतील तरच. वायरी एकमेकींत गुंफून ठेवाव्यात; खोलीतील ट्यूबलाइट, मोबाइल चार्जर आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करावेत.

यानंतर क्लिकचा वेग ठरवावा, आणि येथे थोडे गणित करणे अगत्याचे आहे. भारतात विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. सेकंदाला 25 क्लिक ठेवले तर दोन क्लिकमधील अंतर 40 मिलिसेकंद होते आणि त्यात लाइनच्या बरोबर दोन आवृत्त्या बसतात. परिणामी लाइनचा नॉइज प्रत्येक स्वीपमध्ये त्याच जागी येतो आणि सरासरीने तिळमात्र कमी होत नाही. वेग 20 ठेवला तर अंतरात अडीच आवृत्त्या बसतात, 50 हर्ट्झचा भाग एकाआड एक उलटा येऊन सरासरीत जातो, मात्र त्याच्या दुप्पट वारंवारतेचा, 100 हर्ट्झचा भाग जसाच्या तसा साचत राहतो. 21.1 सारखा आडवळणी वेग याचसाठी वापरतात. एखादा प्रोटोकॉल 60 हर्ट्झ वीज असलेल्या देशातून आलेला असेल तर त्याचा वेग आपल्या 50 हर्ट्झशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

नॉइज कोणत्या पद्धतीने मोजायचा हेही नोंदणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावे, कारण लाट दिसल्यावर किंवा न दिसल्यावर पद्धत निवडली की आपल्याला हवे ते उत्तर मिळवण्याचा मोह होतो. सर्वांत सोपी पद्धत अधिक-उणे सरासरीची आहे. तिचे वर्णन हर्बर्ट शिमेल यांनी 1967 मध्ये केले. एकाआड एक स्वीपचे चिन्ह उलटून सरासरी काढली की सर्व स्वीपांत सारखा असलेला प्रतिसाद कटून जातो आणि यादृच्छिक नॉइज साध्या सरासरीत जेवढा उरला असता तेवढाच उरतो. बहुतेक यंत्रे स्वीप ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बफरांत (साठ्यांत) वाटतात. दोहोंच्या बेरजेचा अर्धा भाग प्रतिसाद दाखवतो आणि वजाबाकीचा अर्धा भाग नॉइज. ही पद्धत वापरायची असेल तर यंत्र स्वीप कसे वाटते ते पुस्तिकेत शोधून पाहावे. क्लिकची पोलॅरिटी (तो हवेच्या विरळनाने सुरू होतो की संघननाने) आलटून पालटून ठेवली असेल आणि विरळन क्लिकचे सगळे स्वीप ‘अ’ मध्ये, संघनन क्लिकचे सगळे ‘ब’ मध्ये जात असतील, तर वजाबाकीत कॉक्लीअर मायक्रोफोनिक शिल्लक राहते. ती कानाच्या केसपेशींची खरी हालचाल आहे, आणि श्रवणचेतेच्या विकारात, म्हणजे ऑडिटरी न्यूरोपथीत, बऱ्याचदा तीच तेवढी ठळक दिसते. तिला नॉइज समजून बाजूला टाकले तर निदानाचा धागाच हातचा जातो. अशा वेळी दोन्ही बफरांत दोन्ही पोलॅरिटी समान वाटून घ्याव्यात.

अधिक-उणे पद्धतीची आणखी एक मर्यादा आहे. सेकंदाला 25 क्लिकच्या वर दिलेल्या उदाहरणात लाइनचा नॉइज प्रत्येक स्वीपमध्ये सारखाच येत असल्याने तो वजाबाकीत नाहीसा होतो, तर सरासरीत मात्र पूर्ण असतो. अर्थात पद्धत जो आकडा देते तो खऱ्यापेक्षा कमी असतो. उलट 20 च्या वेगाला 50 हर्ट्झचा भाग सरासरीतून जातो आणि वजाबाकीत पुरता उतरतो, म्हणजे आकडा फुगतो. वेग चुकीचा असेल तर पद्धतीला दोष देऊन काही साधत नाही.

दुसरी पद्धत क्लॉस एल्बर्लिंग आणि मॅन्युएल डॉन यांनी 1984 मध्ये मांडलेल्या एफएसपी गुणोत्तराची. प्रत्येक स्वीपमधील एक ठरावीक क्षण घेऊन त्या बिंदूवरील व्होल्टेज स्वीपागणिक किती बदलते याचे विचरण (पसाऱ्याचे माप) काढायचे आणि त्याला स्वीपसंख्येने भागायचे; हे झाले सरासरीत उरलेल्या नॉइजचे विचरण. सरासरी काढलेल्या लाटेचे ठरलेल्या खिडकीतील विचरण त्याने भागले की एफएसपी मिळते. प्रतिसाद नसेल तर ते 1 च्या आसपास राहते. प्रचलित निकषानुसार ते 3.1 च्या वर गेले तर 99 टक्के खात्रीने प्रतिसाद आहे असे मानतात. खिडकी कुठे उघडायची हे आधी ठरवावे. तिच्या सुरुवातीला इअरफोनचा विद्युत आर्टिफॅक्ट (बाहेरून शिरलेला खोटा संकेत) येऊ देऊ नये, आणि नवजात बाळाची पाचवी लाट मोठ्या आवाजालाही साधारण 7 मिलिसेकंदांवर, हळू आवाजाला आणखी उशिरा येते हे ध्यानात ठेवून खिडकीचा शेवट मोठ्यांपेक्षा पुढे न्यावा. मात्र 12 ते 15 मिलिसेकंदांच्या भागात कानामागच्या स्नायूचा प्रतिसाद डोकावतो, तो आत आला तर गुणोत्तर उगाच वाढते. यंत्रात एकाऐवजी अनेक बिंदूंवरून विचरण काढण्याची सोय असेल तर तीच घ्यावी, कारण एका बिंदूवरचा अंदाज डळमळीत असतो.

किती स्वीप घ्यायचे हे ठरवताना बाळ कसे झोपले आहे ते पाहावे. नॉइज स्वीपसंख्येच्या वर्गमुळाने घटतो: गाळणीनंतर (फिल्टरनंतर) एका स्वीपमधील नॉइज 1.5 मायक्रोव्होल्ट असेल, तर 4000 स्वीपनंतर सुमारे 24 नॅनोव्होल्ट उरतो. बाळ चुळबुळ करत असून तो 3 मायक्रोव्होल्ट झाला, तर त्याच आकड्यावर येण्यासाठी 16000 स्वीप लागतात, म्हणजे 21.1 च्या वेगाने साडेबारा मिनिटांहून अधिक काळ, आणि तेही एका कानाच्या एकाच पातळीसाठी. तेवढ्या वेळात बाळाला पुन्हा थोपटून गाढ झोपवणे केव्हाही चांगले. ‘2000 स्वीप झाले, थांबा’ हा सरसकट नियम मला मान्य नाही; थांबण्याची अट उरलेल्या नॉइजवर बांधावी. ब्रिटनमधील नवजात श्रवण तपासणीच्या मार्गदर्शनात प्रतिसाद नॉइजच्या निदान तिप्पट असावा आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणण्यासाठी नॉइज 25 नॅनोव्होल्टपर्यंत उतरलेला असावा अशी अपेक्षा आहे, आणि हे प्रमाण आपणही धरावे असे मला वाटते.

आर्टिफॅक्ट रिजेक्शनची, म्हणजे किती मोठ्या व्होल्टेजच्या पुढे स्वीप फेटाळायचा याची, मर्यादा सुरुवातीला एकदाच ठरवावी, मध्येच बदलू नये आणि किती स्वीप फेटाळले ते नोंदवावे. यंत्र वजनी सरासरी काढत असेल, म्हणजे शांत गटांना जास्त आणि गोंगाटी गटांना कमी वजन देत असेल, तर वर्गमुळाचे साधे गणित लागू पडत नाही. तेव्हा नॉइजचा आकडाही त्याच वजनांनी काढलेला आहे ना, हे तपासावे.

क्लिक सुरू करण्याआधी एक मूक नोंद घ्यावी: यंत्र, वेग, गाळणी सारे तेच, फक्त इन्सर्ट इअरफोनची नळी चिमटीने बंद. या नोंदीत एफएसपी 1 पासून बरेच वर जात असेल किंवा अधिक-उणे आकडा सरासरीच्या आकड्याशी जुळत नसेल, तर लाइनचा नॉइज अथवा इअरफोनचा आर्टिफॅक्ट शिरतो आहे असे समजावे आणि तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. झोपलेले बाळ समोर असताना ही दोन मिनिटे वाया जातात असे वाटते, पण पुढच्या प्रत्येक सपाट रेषेचा आधार हीच नोंद असते.

अहवालाचा नमुनाही आधीच तयार असावा आणि त्यात प्रत्येक पातळीसमोर स्वीपसंख्या, फेटाळलेले स्वीप, उरलेला नॉइज आणि तो मोजण्याची पद्धत यांसाठी रकाने असावेत. ‘35 डेसिबलला 4000 स्वीपनंतर, 24 नॅनोव्होल्ट नॉइजवर, प्रतिसाद आढळला नाही’ हे वाक्य पुढच्या तपासनीसाला उपयोगी पडते. नॉइज 60 नॅनोव्होल्टवर अडकला असताना बाळ जागे झाले तर त्या रकान्यात ‘अनिर्णित’ लिहावे, पालकांना कारण समजावून सांगावे आणि त्याच आठवड्यातील पुढची तारीख द्यावी.