परदेशातील उन्हात स्मारक पाहताना: या चुका टाळा

"परभणीची आहे मी, मला काय ऊन दाखवतीस?" असे म्हणत माझ्या मावशीने ग्रीसमधील अथेन्सच्या ॲक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीच्या पायथ्याशी टोपी पिशवीत टाकली आणि पाऊण तासाने ती माथ्यावरच्या पार्थेनॉन मंदिरासमोरच्या दगडावर बसली, ती उठेचना. जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यातून तेथे जाणाऱ्यांची पहिली चूक हीच असते. आपले कडक ऊन एप्रिल-मेचे. मृगाचा पाऊस पडला की शरीराची उन्हाची सवय काही आठवड्यांत ओसरते आणि नेमका तेव्हाच ग्रीसचा उन्हाळा भरात येतो. शिवाय आपल्याकडे भर दुपारी शहाणा माणूस लिंबाखाली बसलेला असतो. सहलीत मात्र तिकीट काढले आहे म्हणून तोच माणूस निमूटपणे टेकडी चढतो.

दुसरी चूक घड्याळाची आहे आणि ती सहसा लक्षातच येत नाही. अथेन्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेले असल्याने जुलैत सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दीडच्या सुमारास, तर आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास. त्यामुळे "चार वाजता ऊन कलले की निघू" हा घरचा हिशेब तेथे फसतो, कारण तेथले चार म्हणजे आपले तीनच. सकाळी ८ वाजता, दार उघडतानाच पोहोचावे किंवा सायंकाळी सहानंतर जावे. प्रवेशाची वेळ तिकिटावरच ठरलेली असते, म्हणून हा विचार तिकीट काढतानाच करावा. २०२३ च्या जुलैतील उष्णतेच्या लाटेत हे स्मारक दुपारी काही तास बंद ठेवले होते; तेव्हा मुक्कामाच्या शेवटच्या दुपारसाठी ते राखून ठेवू नये.

माथ्यावर सावली जवळजवळ नाही आणि पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या संगमरवरावर साध्या चपला घसरतात. रबरी तळाचे बूट घालावेत. हवा कोरडी असल्याने घाम अंगावरच वाळतो आणि किती पाणी गेले ते कळत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी प्यावे आणि ओआरएसची पाकिटे घरूनच न्यावीत.

मावशीला घेरी येत होती, मळमळत होते, अंग गार व चिकट लागत होते, पण ती नीट बोलत होती. आम्ही तिला हळूहळू उतारावरच्या सावलीत नेले, पदर सैल केला, तिचाच रुमाल भिजवून मानेवर ठेवला आणि ओआरएस पाजले. अर्ध्या तासात ती सावरली. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली किंवा अंग तापून फणफणले, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडात पाणी मुळीच ओतू नये. अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहावे आणि त्याच क्षणी ११२ या क्रमांकावर फोन करावा.