गोल्फ कार्टची निगा: आधी चार्जिंग, मग पाणी

आमच्या वसाहतीत पाच गोल्फ कार्ट आहेत आणि गोल्फ एकालाही खेळता येत नाही. फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंत चांगलाच चढ आहे. आजी-आजोबा, भाजीच्या पिशव्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली मंडळी वर पोचवायला या गाड्या घेतल्या. चार बॅटरीवरच्या, एक जुनी पेट्रोलची. चार-पाच वर्षं चालायला हवा असा बॅटरीचा संच दुसऱ्याच वर्षी बसला, तेव्हा देखभालीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. शेडमध्ये शहाबादी फरशी आहे. प्रत्येक गाडीच्या सीटखाली बरोबर तेवढीच फरशी पांढरी आणि खरखरीत झाली होती. गाड्या लावणारा मुलगा कामाला प्रामाणिक. रोज संध्याकाळी तो बॅटऱ्यांत काठोकाठ पाणी भरायचा आणि मग चार्जिंगला लावायचा. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं, बुडबुडे येतात, आणि जागा नसली की ॲसिड झाकणातून बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी पातळी कमी दिसली की पुन्हा पाणी. असं वर्षभर चाललं. बॅटरीत पाणी उरलं, ॲसिड फरशीनं खाल्लं.

सीट उचलण्याआधी

बॅटरीची गाडी उभी असताना आवाज करत नाही, म्हणून ती बंदच आहे असं धरून चालू नका. सपाट जागी लावा, पार्किंग ब्रेक ओढा, दिशेचं बटण न्यूट्रलला, चावी काढून स्वतःच्या खिशात. सीट उचलल्यावर बहुतेक गाड्यांत ‘रन’ आणि ‘टो’ असा एक खटका दिसतो. तो ‘टो’वर, म्हणजे गाडी ओढून नेण्याच्या खुणेवर करा. केबल सोडायची असेल तर संचाची मुख्य निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. केबल सोडल्यावरही कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज सोडणारा डबा) थोडा वेळ वीज साठलेली असते, म्हणून दीड-दोन मिनिटं थांबून मगच पुढे हात घाला.

अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर लाल होईपर्यंत तापतो, आणि तीच गोष्ट बोटातल्या अंगठीची. मी पान्याच्या दांड्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून शेडची दारं-खिडक्या उघड्या आणि विडी-सिगारेट फाटकाबाहेर.

पाणी कधी आणि किती

हे फक्त पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांबद्दल. लिथियमची गाडी असेल तर हा भाग सोडून द्या. तिथे टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ ठेवणं, त्या बॅटरीसाठी दिलेलाच चार्जर वापरणं, एवढंच तुमच्या हातात आहे.

चार्जिंगला लावण्याआधी झाकणं उघडून फक्त एक गोष्ट बघायची: शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्यात का? पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी घाला. बुडालेल्या असतील तर काहीही घालू नका. झाकणं लावा, रात्रभर पूर्ण चार्ज होऊ द्या. सकाळी चार्जर आपोआप बंद झाल्यावर मग खरं पाणी भरायचं. भोकातून टॉर्चनं पाहिलं की आत खाली उतरलेला प्लास्टिकचा गळा दिसतो. पाण्याची पातळी त्या गळ्याच्या खालच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर खाली थांबवा. पाणी गळ्याला टेकलं म्हणजे जास्त झालं.

पाणी डिस्टिल्डच. नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको. त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. आणि ॲसिड तर कधीच घालू नका. बॅटरी अशक्त झाली की ‘थोडं ॲसिड टाकून बघू’ असं सांगणारे भेटतात. बॅटरीतून रोजच्या वापरात उडतं ते पाणी. ॲसिड आतच राहतं, निदान तुम्ही ते उतू घालवलं नसेल तोवर. नवीन संचाला महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं. जुना झाला की तो जास्त पाणी मागतो. एप्रिल-मे महिन्यात मी दर आठवड्याला झाकणं उघडतो.

बॅटरीची नाडी

४८ व्होल्टची गाडी मीटरवर ४८ दाखवते म्हणजे बॅटरी भरलेली, हा गैरसमज मीही बाळगून होतो. चार्ज करून पाच-सहा तास नुसता ठेवलेला भरलेला संच जवळपास ५०.९ व्होल्ट दाखवतो. ४८.४च्या आसपास आला म्हणजे निम्मा संपला. रोजच्या वापरात त्याच्या खाली जाऊ देऊ नका. गाडी चढावर रडायला लागेपर्यंत वाट पाहणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. थोडी चालली असली तरी त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावायची. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर पट्ट्यांवर सल्फेट कडक होत जातं आणि मग ती चार्ज घेतल्यासारखं फक्त दाखवते.

व्होल्टेजवरून पूर्ण चित्र कळत नाही, त्यासाठी हायड्रोमीटर लागतो, म्हणजे द्रावण पाण्यापेक्षा किती जड आहे ते मोजणारं साधन. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारं माप. ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या असोत, ८च्या सहा किंवा १२च्या चार, कप्पे एकूण चोवीसच. चार्ज झाल्यावर, पण पाणी भरण्याआधी, प्रत्येक कप्प्यातलं द्रावण नळीत ओढा, माप नळीच्या भिंतीला चिकटू देऊ नका, डोळा पातळीच्या रेषेत आणून वाचा आणि द्रावण त्याच कप्प्यात परत सोडा. पूर्ण भरलेल्या कप्प्यात आकडा १.२७५च्या आसपास येतो, १.१९० म्हणजे साधारण निम्मा. नुकतंच पाणी घातलं असेल तर ते वरच तरंगतं आणि आकडा खोटा येतो.

आकडा कमी आहे यापेक्षा एकच आकडा वेगळा आहे का, हे शोधा. आमच्या तीन नंबरच्या गाडीत तेवीस कप्पे १.२६५ ते १.२७५ आणि एकच १.२१०. गाडी चढावर मध्येच का दम टाकते याचं उत्तर तिथे होतं. सगळेच थोडे थोडे पुढे-मागे असतील तर चार्जरला इक्वलायझेशनची (मुद्दाम जास्त वेळ चार्ज करून सगळे कप्पे सारखे करण्याची) सोय असल्यास ती वापरा. पण एखादा कप्पा त्यानंतरही ०.०५०ने मागे राहत असेल तर ती बॅटरी गेली असं समजा.

टर्मिनल

टर्मिनलवर येणारी पांढरी-हिरवट खपली दिसायला निरुपद्रवी असते. लिटरभर पाण्यात चार-पाच चमचे खायचा सोडा घाला, सगळी झाकणं बसलेली आहेत ना ते पुन्हा बघा (सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो), मग जुन्या टूथब्रशनं घासा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

नट ढिला राहिला तर तिथे उष्णता तयार होऊन शिसं वितळतं. मी वितळलेलं टर्मिनल पाहिलं आहे, मेणबत्तीसारखं ओघळलेलं. पण जोर लावून आवळलं तर मऊ शिसं पिळवटतं. गाडीच्या पुस्तिकेत आवळण्याचं माप दिलेलं असतं, तितकंच.

पावसाळ्यात बॅटऱ्यांचा वरचा पृष्ठभाग ओला आणि मातकट राहतो. त्या ओलीतून थोडी थोडी वीज झिरपत राहते, म्हणून तो पुसून ठेवा. प्रेशरचा पाइप घेऊन सीटखाली कधीच धुऊ नका. आणि उंदीर! कोपऱ्यातली उबदार जागा त्यांना भारी आवडते आणि वायरी कुरतडतात. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी टॉर्च मारून बघणं हाच इलाज ठरला.

चाकं, ब्रेक, ग्रीस

हवेचा दाब टायरवर लिहिलेला असतो. आमच्या गाड्यांना २० पीएसआय पुरतो. स्कूटरच्या हिशेबानं ३० भरणारा पंपवाला भेटेल, त्याला थांबवा. हवा कमी असली तर बॅटरीची गाडी एका चार्जमध्ये कमी अंतर जाते, आणि दोष मात्र बॅटरीला मिळतो.

बऱ्याच गाड्यांत ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, केबलवर चालणारा ड्रम ब्रेक. चढावर माणसं बसवून पार्किंग ब्रेक लावा. गाडी इंचभरही सरकली तर केबल ताणायला हवी किंवा लायनर संपले. पेडल फळीला टेकत असेल तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. पुढच्या चाकांच्या वर, किंगपिनजवळ (ज्या खिळीवर चाक वळतं ती) ग्रीसचे निपल असतात. वर्षातून दोनदा ग्रीस गन लावा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

पेट्रोलची गाडी

अमेरिकन पुस्तिकेत ‘गॅस’ लिहिलेलं असेल तर ते पेट्रोलच, आपला सिलिंडर नव्हे. एकानं मला हे गंभीरपणे विचारलं होतं.

या गाडीत एक सिलिंडरचं छोटं चार स्ट्रोक इंजिन असतं आणि पेडल दाबलं की ते सुरू होतं, सोडलं की बंद पडतं. म्हणजे दिवसात शेकडो वेळा स्टार्ट. स्टार्टरच जनरेटरचंही काम करतो आणि तो पट्ट्यावर (बेल्टवर) चालतो. सुरू होताना चीं चीं आवाज आला तर तो पट्टा सैल झाला आहे. दुसरा, मोठा पट्टा चाकांना ताकद देतो. त्याच्या कडा चकचकीत झाल्या किंवा भेगा पडल्या तर बदला. आवाज बंद करायला पट्ट्यावर तेल सोडू नका.

ऑइल सपाट जागी, इंजिन थंड असताना बघा. साधारण दर १०० ते १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला, जे आधी येईल ते. जास्त भरलं तर निळा धूर येतो आणि प्लग काळा होतो. एअर फिल्टर आमच्या लाल मातीत पुस्तिकेपेक्षा निम्म्या वेळात भरतो. प्लग वर्षातून एकदा, पेट्रोलचा फिल्टरही तेव्हाच. पेट्रोलच्या नळ्या वाकवून बघा. चिरा दिसल्या तर लगेच बदला, कारण टाकी सीटजवळच असते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी जूनमध्ये लावून गणपतीत काढली तर कार्बोरेटर चोंदलेला मिळतो. महिन्याभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. तिची १२ व्होल्टची बॅटरीही छोट्या छोट्या फेऱ्यांत पुरेशी भरत नाही, अधूनमधून बाहेरून चार्ज करावी लागते.

बॅटरीची गाडी जास्त दिवस उभी ठेवताना आधी पूर्ण चार्ज करा, खटका ‘टो’वर ठेवा आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज बघून पुन्हा भरा.

वही

शेडच्या दाराला खिळ्यावर एक शंभर पानी वही लटकवली आहे. तारीख, गाडीचा नंबर, चोवीस आकडे, किती पाणी लागलं. तीन नंबरचा तो कप्पा याच वहीत आधी तीन महिने १.२५०, मग १.२३० असा उतरताना दिसत होता. कुणी पानं उलटून पाहिली नव्हती इतकंच. त्या गाडीचा संच वर्षभराचाच होता, म्हणून एकच बॅटरी नवी टाकली. संच तीन-चार वर्षांचा असता तर एक नवी घालून उपयोग नव्हता, जुन्या सात मिळून तिला आपल्या पातळीला आणतात. नव्या बॅटरीवर मार्करनं तारीख लिहिली, आणि शेडची फरशी बदलताना तीन नंबरखालची एक शहाबादी मुद्दाम तशीच ठेवली. नवा माणूस कामाला आला की आधी ती दाखवतो.