बुद्ध सर्किटवर नवी कूपे चालवून पाहण्यापूर्वी करायची तयारी

कंपनी आपली नवी स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दारांची वेगवान गाडी, ट्रॅकवर चालवून पाहण्याचे निमंत्रण देते, तेव्हा प्रत्यक्ष वाट्याला मोजकेच लॅप, म्हणजे ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या, येतात आणि त्यांतला पहिला तर रस्ता ओळखण्यातच जातो. पुढे सांगितलेली सारी तयारी उरलेले लॅप सत्कारणी लागावेत यासाठी आहे. गाडी वेगवान आहे हे जाणून घेण्यासाठी पुण्या-मुंबईहून ग्रेटर नोएडापर्यंत जाण्याचे काही कारण नाही, ते माहितीपत्रकात छापलेलेच असते. तिचे ब्रेक, स्टिअरिंग आणि आसन आपल्या हातापायांना मानवतात की नाही, हे मात्र चालवल्याशिवाय कळत नाही आणि जायचे ते एवढ्याचसाठी. येथे बीएमडब्ल्यूची एम२ ही कूपे आणि ग्रेटर नोएडातला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा शर्यतींचा ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवला आहे. गाडी दुसरी असली तरी बहुतेक तयारी हीच राहील.

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडीची माहिती नीट वाचून ठेवावी, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीचे सादरीकरण चालू असताना आकडे टिपण्यात वेळ जात नाही. सध्याची एम२ ही दुसऱ्या पिढीतली असून ती ऑक्टोबर २०२२ मध्ये जगासमोर आली आणि २०२३ मध्ये भारतात ९८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला दाखल झाली. तिच्यात तीन लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले, दोन टर्बोंचे इंजिन आहे. त्याची ताकद सुरुवातीला ४६० अश्वशक्ती होती आणि २०२४ च्या सुधारणेत ती ४८० झाली. सारी शक्ती मागच्या चाकांना मिळते आणि गिअरबॉक्स आठ गिअरांचा ऑटोमॅटिक किंवा सहा गिअरांचा मॅन्युअल असतो. आपल्याला चालवायला मिळणारी गाडी यांतली कोणती, हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे, कारण मॅन्युअल घेण्याच्या विचाराने गेलेल्याला ऑटोमॅटिकवर फिरवून आणले तर त्याचा अर्धा प्रश्न अनुत्तरितच राहतो. वजनाचा आकडाही ध्यानात असू द्यावा. गाडी दिसायला आटोपशीर असली तरी ती सुमारे १,७०० किलोंची आहे, आणि ब्रेक किती आधी लावायचा हे ठरवताना अश्वशक्तीपेक्षा हाच आकडा अधिक उपयोगी पडतो.

ट्रॅकचा अभ्यास घरीच करून ठेवावा. शर्यतींचे ट्रॅक आखणारे जर्मन वास्तुविशारद हर्मान टिल्के यांनी आखलेल्या या सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यात १६ वळणे आहेत. २०११ ते २०१३ या काळात येथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही जर्मन चालक सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्या शर्यतींतले चालकाच्या नजरेतून टिपलेले चित्रण पाहावे. मात्र त्यातले ब्रेक लावण्याचे बिंदू पाठ करू नयेत, कारण ती वाहने वजनाने आपल्या कूपेच्या निम्म्याहूनही कमी असतात आणि हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटून राहतात. लक्षात ठेवायचा तो वळणांचा क्रम. तिसरे वळण चढावर असल्याने बाहेर पडण्याची वाट आयत्या वेळी दिसते. त्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा लागतो आणि त्याच्या शेवटी चौथ्या वळणासाठी कसून ब्रेक लावावा लागतो. दहावे आणि अकरावे वळण मिळून एक लांबलचक उजवा वळसा होतो. तेथे स्टिअरिंग बराच वेळ वळवलेलेच धरावे लागते, आणि घाई करणाऱ्याची गाडी बाहेरच्या कडेकडे सरकू लागते. एवढे ओळखीचे झाले, तरी पहिल्या लॅपमधला गोंधळ बराच कमी होतो.

कागदपत्रांत मूळ वाहन परवाना सर्वांत महत्त्वाचा. तो मुदतीत आहे ना, हे आदल्या दिवशी नव्हे तर नोंदणीच्याच दिवशी पाहावे आणि मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबून राहू नये. त्याहून जास्त वेळ हमीपत्रासाठी राखावा. सकाळी टेबलावर पुढे केलेल्या कागदावर बहुतेक जण न वाचताच सही करतात. तसे न करता त्याचा मसुदा आधी ईमेलने मागवावा आणि गाडीचे नुकसान झाले तर आपल्यावर किती रकमेची जबाबदारी येते, ती कोणत्या परिस्थितीत वाढते आणि चालकाच्या वैद्यकीय खर्चाचे काय, ही तीन कलमे शोधून वाचावीत. आपला वैयक्तिक अपघात विमा ट्रॅकवरच्या वाहनचालनाला लागू होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घेतलेले बरे. स्वतःची गाडी ट्रॅकवर नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याने आपल्या वाहन विम्याच्या प्रमाणपत्रावरील वापराच्या मर्यादा वाचाव्यात. आयोजित शर्यत आणि वेगचाचणी या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्टपणे वगळलेल्या असतात.

प्रवास असा आखावा की आदली रात्र ग्रेटर नोएडा किंवा नोएडा परिसरातच जाईल. पहाटेच्या विमानाने दिल्लीला उतरून थेट सर्किटवर पोहोचण्याचा बेत कागदावर जमतो, परंतु डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे विमाने खोळंबतात आणि यमुना एक्स्प्रेसवेवरची वेगमर्यादाही त्या काळात खाली आणली जाते. एप्रिलनंतरचा कार्यक्रम असेल तर प्रश्न उन्हाचा असतो. तेव्हा सकाळची तुकडी मागून घ्यावी, म्हणजे चालक आणि टायर दोघेही ताजे असतात. आदल्या रात्री मद्य वर्ज्य करावे. रस्त्यावरची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम असली तरी ट्रॅकवर शून्याचीच अपेक्षा असते, आणि श्वासचाचणीत अडकल्यास परत पाठवले जाते. सकाळी हलके खावे, पाणी भरपूर प्यावे. छोले-भटुरे परतीच्या वाटेवर खाता येतात. इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसून वेगवान लॅप अनुभवायचा असेल तर हे विशेष पाळावे, कारण मळमळ चालकापेक्षा शेजारी बसलेल्याला लवकर होते.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण लांबीचे असावेत. बूट पातळ तळाचे आणि अरुंद हवेत, म्हणजे पेडलवरचा दाब तळव्याला जाणवतो. जाड तळाचे धावण्याचे बूट येथे निरुपयोगी ठरतात आणि सँडल घालून आलेल्याला तर गाडीत बसूच देत नाहीत. हेल्मेट कंपनी देणार आहे का, हे विचारावे. देणार असेल तर कपाळाभोवतीचे माप सेंटीमीटरमध्ये आधी कळवावे आणि आत घालायची सुती टोपी स्वतःची न्यावी. स्वतःचे हेल्मेट नेणाऱ्यांनी हे जाणून असावे की मोटारशर्यतीच्या हेल्मेटचे अस्तर आगरोधक असते, दुचाकीच्या हेल्मेटचे बहुधा नसते. म्हणून दुचाकीचे हेल्मेट चालेल का, हे आयोजकांना विचारल्याशिवाय नेऊ नये. चष्मा वापरणाऱ्यांनी बारीक काड्यांची फ्रेम घ्यावी. घड्याळ, अंगठ्या, खिशातल्या किल्ल्या आणि मोबाइल बाहेर काढून ठेवावेत. गाडीत सुटी राहिलेली वस्तू ब्रेक लावताच पेडलांखाली जाऊ शकते.

आसनाची मांडणी हा एक भाग तर स्वतःच्या गाडीत आठवडाभर सराव करून पक्का करता येतो. पाठ पूर्ण टेकलेली असताना मनगटे स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजेत, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी असावेत. एम२ मध्ये कार्बनची बकेट आसने (शरीराला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी खोलगट आसने) बसवलेली असतील तर त्यांत मांड्यांच्या मध्ये एक उंचवटा येतो. मॅन्युअल गाडीत क्लच दाबताना तो पायाला लागतो का, हे गाडी उभी असतानाच पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष लॅपमध्ये काय पाहायचे, हे आधी ठरवून एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि एका लॅपला एकच गोष्ट तपासावी. पहिल्या लॅपमध्ये फक्त नजर: गाडीच्या नाकाकडे न पाहता वळणाच्या शेवटाकडे पाहायचे. दुसऱ्यात ब्रेक: सरळ रेषेतच सुरुवातीला ठाम दाब द्यावा आणि वळताना तो हळूहळू सोडावा, पेडल किती खोल जाते आणि लॅपगणिक त्याचा प्रतिसाद बदलतो का, याकडे लक्ष असू द्यावे. तिसऱ्यात वळणातून बाहेर पडतानाचा अॅक्सिलरेटर, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा खरा स्वभाव तेथेच दिसतो. एम२ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके घसरू न देणारी यंत्रणा, दहा टप्प्यांत बदलता येतो आणि चालकाने ठरवलेल्या सेटिंग स्टिअरिंगवरच्या दोन लाल बटणांवर साठवता येतात. तरी त्या दिवशी यांतल्या कशालाही इन्स्ट्रक्टरने सांगितल्याशिवाय हात लावू नये. पिवळा झेंडा दिसला तर वेग कमी करायचा आणि पुढच्याला ओलांडायचे नाही, लाल दिसला तर सत्र थांबले असे समजायचे. निळा झेंडा मागून वेगवान गाडी येत असल्याचे सांगतो. शेवटचा लॅप ब्रेक थंड होण्यासाठी सावकाश घ्यावा आणि गाडी उभी केल्यावर लगेच पार्किंग ब्रेक लावू नये.

विकत घेण्याचा खरोखर विचार असलेल्यांनी मात्र दुपारनंतरचा एक तास राखून ठेवावा. बुद्ध सर्किटवर खड्डा नसतो, गतिरोधक नसतो आणि सोसायटीच्या तळघरात उतरणारा तीव्र उतारही नसतो, त्यामुळे ट्रॅकवर निर्दोष वाटलेले सस्पेन्शन घराजवळ कसे वागेल, याविषयी हा दिवस काहीच सांगत नाही. गाडी ४.५८ मीटर लांब आणि १.८९ मीटरच्या आसपास रुंद आहे. आपल्या पार्किंगचे माप सोबत न्यावे. मागच्या आसनावर स्वतः बसून पाहावे. पुढे २७५/३५ मापाचे १९ इंची आणि मागे २८५/३० मापाचे २० इंची टायर आहेत, म्हणजे चारही टायर आलटूनपालटून वापरता येत नाहीत. एका संचाची किंमत आणि तो मिळायला लागणारा वेळ विचारावा. आपल्या शहरातल्या रस्त्यावर दुसरी चाचणी मिळेल का, हेही तेथेच ठरवून घ्यावे. महाराष्ट्रात नोंदणी करणाऱ्यांनी ऑन-रोड किंमत लेखी मागावी, कारण आयात केलेल्या गाडीला येथे २० टक्के दराने एकरकमी कर लागतो आणि या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे.