विंडोज ११ वर जुना प्रोग्राम उघडेनासा झाल्यास
अपग्रेडनंतर एखादा जुना प्रोग्राम उघडेनासा झाला, तरी तो लगेच काढून टाकू नये. आधी त्याची नवी आवृत्ती निघाली आहे का ते पाहावे, कारण अनेकदा तेवढ्यानेच काम भागते. नसल्यास प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' टॅब उघडावा, कम्पॅटिबिलिटी मोडच्या चौकटीत खूण करावी आणि तो प्रोग्राम ज्या आवृत्तीवर नीट चालत होता ती, उदाहरणार्थ विंडोज ७, यादीतून निवडावी. ड्रायव्हरला (म्हणजे प्रिंटरसारखे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मात्र ही युक्ती लागू पडत नाही. विंडोज ११ केवळ ६४-बिट असल्याने १६-बिट प्रोग्राम (विंडोज ३.१ च्या काळातले फार जुने) तिच्यावर थेट चालतच नाहीत. सारेच अडले तर सेटिंग्जमधील 'रिकव्हरी'तून आधीच्या विंडोजवर मागे जाता येते. ही सोय साधारणपणे १० दिवसच असते, आणि घाईघाईने डिस्क साफ करताना आधीची विंडोज साठवलेले 'विंडोज.ओल्ड' फोल्डर पुसले, तर तीही जाते.