वाटीभर पाण्यात तीन वाट्या साखर : घरी खडीसाखर कशी करावी

वाण्याकडच्या खडीसाखरेत मधूनच दोरा निघतो, तो भेसळीचा नसतो. त्या दोऱ्यावरच ती खडीसाखर धरलेली असते. साखर, पाणी, दोरा आणि आठवडाभर धीर असला की ती घरीही जमते. शिवाय विरघळणं म्हणजे नेमकं काय, हे करता करता डोळ्यांसमोर दिसतं. एरवी चहात साखर ढवळताना तिकडे कोण बघतंय!

सामान: 1 वाटी (200 मिलि) पाणी, त्याच वाटीने 3 वाट्या साखर, जाडसर सुती दोरा, दोन पेन्सिली आणि दोन उंच काचेचे ग्लास.

1. आधी गार पाण्यातच ढवळा. पातेल्यात पाणी घेऊन एक वाटी साखर घाला. सगळी विरघळली की मोजून बघा. दोन वाट्या नाही, जेमतेम दीड वाटी भरेल. साखर पाण्याच्या कणांमधल्या फटींत जाऊन बसते, असं शाळेत सांगतात. पण इथे घट दिसते ती मुख्यतः साखरेच्या दाण्यांमध्ये असलेली हवा निघून गेल्यामुळे. साखर आपली जागा घेतेच.

दुसरी वाटीही विरघळेल, पण हात दुखायला लागेल. तिसरी घातली की बरीच साखर तळाशी बसून राहते, कितीही ढवळा. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडी जास्त. याहून जास्त घेत नाही असं द्रावण म्हणजे संपृक्त द्रावण.

2. आता गॅसवर ठेवा. मंद आच, सतत ढवळत. तळाची साखर हळूहळू नाहीशी होते, कारण उकळीच्या जवळ तेवढंच पाणी दुपटीहून जास्त साखर पोटात घेतं. पहिली उकळी आली की बंद करा. पाक तारेवर आणायचा नाही. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या चमच्याने आत ढकला, नाहीतर पुढे खडे भलतीकडेच धरतील. लिंबू अजिबात पिळू नका. गुलाबजामच्या पाकात आपण ते पिळतो, कारण आंबटाने साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि पाक साखरत नाही. इथे तर तो साखरायलाच हवा आहे.

गरम पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, तेव्हा हे काम मोठ्यांनीच करावं.

3. पातळ मलमलमधून गाळा. धूळ, कचरा फडक्यावर राहतो आणि साखर सगळी खाली जाते. पाण्याने साखरेचा रेणू न् रेणू सुटा करून घेरलेला असतो, फडक्याची जाळी त्याला अडवणार कशी? हळदीचं पाणी करून शेजारी ठेवा. तासाभराने हळद तळाशी बसलेली दिसेल. ते नुसतं मिश्रण झालं. पाक महिनाभर ठेवलात तरी साखर तशी गाळासारखी वेगळी होणार नाही.

4. दोरा तयार करा. दोरा ओला करून साखरेत घोळवा आणि कडकडीत वाळवा. ओलसर राहिला तर दाणे गळून तळाशी जातात. पाक कोमट झाला की ग्लासांत ओता, दोरा पेन्सिलीला बांधून आत सोडा. तो तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. गरम पाकात सोडलात तर दोऱ्यावरचे दाणेही विरघळून जातील.

5. हात लावू नका. ग्लासांवर पातळ फडकं बांधा आणि ते पाणी घातलेल्या परातीत ठेवा, म्हणजे मुंग्या येणार नाहीत. पाक निवला की झेपते त्याहून जास्त साखर पाण्यात अडकलेली असते. हे अतिसंपृक्त द्रावण. जादा साखरेला धरायला जागा हवी असते, आणि ती दोऱ्यावरचे दाणे देतात. तीन-चार दिवसांत खडे दिसू लागतात, आठवड्याने काढण्याजोगे होतात. पहिल्या खेपेला मी रोज ग्लास हलवून बघत होते. दोरा तसाच राहिला आणि तळाशी दगडासारखी ढेप झाली. वर पापुद्रा धरला तर चमच्याने अलगद मोडा.

उरलेला पाक सरबताला वापरा.

हाच प्रयोग मिठावर करायला जाल तर फसाल. 100 ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम 39. निववून पदरात फारसं काही पडत नाही, पाणीच उडवावं लागतं. उरण-भाईंदरच्या मिठागरांत उन्हाकडून तेच करून घेतात. घरी काळ्या ताटलीत मिठाचं दाट पाणी पसरून गच्चीवर ठेवा. संध्याकाळी भिंगातून पाहिलंत तर बारीक चौकोनी ठोकळे दिसतील.