धिंगरीची छत्री लहान आणि पातळ का राहते? या चुका टाळा

लांब देठावर चिमुकली छत्री, किंवा छत्री मोठी पण हातात घेतली की पातळ आणि पोकळ: धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूम) तक्रार यापैकी कोणतीही असो, पहिला संशय स्पॉनवर, म्हणजे अळिंबीच्या बियाण्यावर, घेतला जातो. स्पॉन जुना किंवा दूषित असेल तर मुळात बेडच (काड म्हणजे पेंढा आणि स्पॉन भरलेली पिशवी) नीट पांढरा होत नाही. १५ ते २० दिवसांत बेड एकसारखा पांढरा होऊन कोंब फुटले असतील, तर पुढचा दोष बहुतेक वेळा खोलीतल्या हवेत, ओलाव्यात, उजेडात किंवा तापमानात सापडतो.

कोंब आल्यावरही खोली बंद ठेवणे

सर्वांत जास्त माल याच चुकीने बिघडतो. स्पॉन वाढत असताना खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला तरी कवकाचे काही अडत नाही. त्यामुळे दार-खिडक्या बंद ठेवण्याची सवय लागते आणि कोंब दिसल्यावरही ती सुटत नाही. मात्र कोंब आल्यावर हे प्रमाण १,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १,००० भाग) खाली हवे; बाहेरच्या मोकळ्या हवेत ते साधारण ४२० असते. वाढले की देठ लांबत जातो आणि छत्री उघडायची राहते. फारच कोंडले तर एका बुडख्यातून नुसते फाटे फुटतात, छत्री धरतच नाही.

उजेड कमी पडला तरी देठ लांबतो, त्यामुळे निदान चुकते. देठ खिडकीच्या दिशेने वाकलेले आणि रंग फिका असेल, तर उजेडाची कमतरता समजावी. देठ सरळ, जाड आणि टोकाला इवलीशी छत्री असेल, तर हवा कोंडली आहे. (रंगावरून निदान धिंगरीच्या करडसर साजोर काजू जातीतच होते, फ्लोरिडा जात पांढरीच असते, तिथे रंग काही सांगत नाही.) दोरीला टांगलेल्या बेडमध्ये खालच्यांचे देठ लांब आणि वरच्यांचे ठीक दिसले, तर जमिनीलगत हवा हलत नाही.

उजेडाचा उपाय सोपा आहे: दिवसाचे ८ ते १२ तास वर्तमानपत्र वाचता येईल इतका प्रकाश, पण थेट ऊन नको. हवेसाठी एका भिंतीला जमिनीलगत आणि समोरच्या भिंतीला छताजवळ झरोके ठेवा, त्यांना बारीक जाळी लावा. झरोके लहान असतील तर दिवसातून चार-पाच वेळा १५ ते २० मिनिटे एक्झॉस्ट फॅन चालवा. वेळ पक्की नाही. बेडची संख्या वाढली की ती वाढवावी लागते. नवे कोंब आखूड देठाचे येऊ लागले की प्रमाण जमले. आधीच लांबलेले देठ मात्र आखूड होत नाहीत.

हवा देताना ओल घालवणे

वरचा उपाय वाचून कोणी टेबल फॅन थेट बेडवर लावतो, आणि दुसऱ्या दिवशी कोंब पिवळे पडून वाळतात, छत्रीच्या कडा तडकतात. आर्द्रता ८० ते ९० टक्के हवी. ती हवेतून मिळाली पाहिजे, बेडवर पाणी ओतून नव्हे. झरोक्यांवर ओले गोणपाट टांगा म्हणजे आत येणारी हवा ओली होऊन येईल. जमिनीवर वाळूचा थर पसरून तो भिजवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एवढ्याने भागत नाही, फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारे यंत्र) लागतो. कोकणात पावसाळ्यात उलट परिस्थिती असते: हवा आधीच ओलीगच्च, तिथे फवारणी कमी आणि वारा जास्त हवा.

वजनासाठी पाणी पाजणे

काढणीच्या आधी फवारा मारला की काट्यावर वजन भरते. पण छत्री पाणी धरते, मऊ पडते आणि पिशवीत काही तासांत तपकिरी, चिकट होते. माल भरीव आहे की पाण्याने फुगला आहे, हे तपासायला १०० ग्रॅम ताजी अळिंबी ४५ ते ५० अंश सेल्सिअसला कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. सुमारे १० ग्रॅम उरले तर ठीक. ७ ग्रॅमच्या आसपास उरले तर पाणी विकले जात आहे. शेवटची फवारणी काढणीच्या किमान सहा-आठ तास आधी संपवा. कोंब टाचणीच्या डोक्याएवढे असताना त्यांच्यावर थेंब साचू देऊ नका, ते कुजतात.

तापमान आणि जातीची जोडी चुकणे

उष्णतेत छत्री झपाट्याने उघडते, पण गर भरायला वेळच मिळत नाही. पातळ छत्रीचे हे नेहमीचे कारण. फ्लोरिडाला २० ते २५ अंश मानवतात, साजोर काजू थोडी जास्त उष्णता सोसते, गुलाबी इओस ३० अंशांपर्यंत चालते. मे महिन्यात फ्लोरिडा लावून कूलरशी झगडण्यापेक्षा जात बदलणे स्वस्त.

बेड भरतानाच आकार बिघडवणे

१ किलो कोरडे काड भिजवून निथळल्यावर सुमारे ३ किलो होते. त्याला २ टक्के हिशेबाने ६० ग्रॅम स्पॉन पुरतो. काडाचे तुकडे ३ ते ५ सेंमी असावेत. मूठ घट्ट आवळल्यावर एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर आत हवा राहत नाही, आंबूस वास येतो. सैल भरले तर पोकळ्यांत प्लॅस्टिकच्या आतच कोंब फुटून वाया जातात.

पिशवी पूर्ण फाडली की चहूबाजूंनी भरपूर कोंब येतात, पण घोस बारीक राहतात, कारण तेवढेच अन्न अनेकांत वाटले जाते. मोठे घोस हवे असतील तर प्लॅस्टिक तसेच ठेवून ५ सेंमी लांबीचे चार-पाच काप द्या. कोरड्या भागात यामुळे ओलही टिकते.

गव्हाचा कोंडा घालून वजन वाढवायचा मोह टाळा. नुसत्या गरम पाण्यात निर्जंतुक केलेल्या काडात कोंडा पडला की हिरवी बुरशी आधी पोसते आणि बेड आतून तापतो.

काढणी लांबवणे

छत्रीची कड वर वळायच्या आत घोस पिरगाळून काढा. कड वर वळली, पांढरी धूळ पडू लागली, की बीजाणू सुटले. त्यानंतर छत्री वजन घटवते आणि चिवट होते. ही धूळ छातीलाही त्रास देते, मास्क लावा. उष्ण दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोनदा फेरी मारा. बुडखे बेडवर ठेवू नका, तिथूनच कूज सुरू होते.

त्याच बेडवर पुढचा बहर, म्हणजे पिकाची पुढची खेप, आठ-दहा दिवसांनी येतो. १ किलो कोरड्या काडातून साधारण ५०० ते ७०० ग्रॅम ताजा माल मिळतो आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या बहराचा असतो. तिसऱ्या बहरातली छत्री बारीकच येते, तेव्हा हवा-पाणी बदलत बसू नका. बेड काढून गांडूळ खताच्या खड्ड्यात टाका आणि खोली धुऊन घ्या.