माशांची पिल्ले आणि फिल्टर: या चुका टाळा

गप्पी किंवा मॉलीच्या मादीने रात्री पिल्ले दिली आणि सकाळी टाकीत त्यांतली निम्मीही दिसली नाहीत, तर पहिला संशय मोठ्या माशांवर जातो. तो अनेकदा खरा असतो, कारण हे मासे स्वतःची पिल्लेही खातात. तरीही अशा वेळी फिल्टर बंद करून, टाकीतलेच पाणी घेतलेल्या बादलीत तो सावकाश उघडून पाहावा. फिल्टरने ओढून घेतलेली पिल्ले आतल्या कप्प्यात जिवंत सापडू शकतात. ही पाहणी न करता फिल्टरमधला स्पंज थेट नळाखाली धरून पिळला, तर वाचलेली पिल्ले तर जातातच, शिवाय नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे स्पंजमधले, पाण्यातला विषारी अमोनिया संपवणारे उपयुक्त जिवाणूही मरतात.

फिल्टर जिथून पाणी आत ओढतो त्या तोंडाला मच्छरदाणीचा किंवा नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घट्ट बांधला की पिल्ले सुरक्षित झाली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अशा जाळीतून पिल्लू आत जात नाही हे खरे, पण ते जाळीला चिकटून बसते आणि त्याला सुटता येत नाही. छिद्र किती लहान आहे याइतकेच तिथे पाणी किती वेगाने ओढले जाते यालाही महत्त्व आहे. तासाला 600 लिटर पाणी ओढणारा फिल्टर सेकंदाला सुमारे 167 मिलिलिटर पाणी खेचतो. त्याच्या तोंडावरील फटींचे एकूण क्षेत्रफळ 4 चौरस सेंटिमीटर धरले, तर तिथे पाण्याचा वेग सेकंदाला 40 सेंटिमीटरहून अधिक होतो, आणि जेमतेम 6 ते 7 मिलिमीटर लांबीच्या नवजात गप्पीचा त्यापुढे टिकाव लागत नाही. त्याच तोंडावर 5 सेंटिमीटर व्यासाचा आणि 8 सेंटिमीटर उंचीचा स्पंज बसवला, तर पाणी सुमारे 125 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून आत जाते आणि वेग सेकंदाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. पातळ जाळी मात्र खाद्याच्या कणांनी लवकर तुंबते, आणि मग उरलेल्या मोकळ्या छिद्रांतली ओढ उलट वाढत जाते.

स्पंज निवडताना इंचाला सुमारे 30 छिद्रे असलेला घ्यावा. त्याहून मोठ्या छिद्रांचा स्पंज गप्पीच्या पिल्लांना चालून जातो, पण अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली फायटर (बेट्टा) माशाची पिल्ले 2 ते 3 मिलिमीटरचीच असल्याने त्यात शिरू शकतात. भांडी घासण्याचा स्पंज वापरू नये, कारण त्यात जंतुनाशक असू शकते. स्पंज आणि नळी यांच्यामध्ये फट राहिली नाही ना, हेही बोट फिरवून तपासावे. पिल्लांना दिवसातून अनेकदा बारीक खाद्य दिले जात असल्याने हा स्पंज आठवड्यातून एकदा तरी टाकीतून काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा.

पिल्लांच्या काळजीपोटी फिल्टर दिवसभर बंद ठेवणे हीदेखील चूकच आहे. अशाने पाण्यातला अमोनिया वाढतो आणि ऑक्सिजन कमी होतो, आणि हे पिल्लांना अजिबात सोसत नाही. वेगळ्या टाकीत पिल्ले वाढवायची असतील, तर एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर उत्तम. मात्र तो पिल्ले जन्मल्यावर नवा आणून लावल्यास त्यात जिवाणू नसतात. म्हणून तो चार ते सहा आठवडे आधीपासून मोठ्या टाकीत चालू ठेवावा. पिल्ले त्याच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव टिपत राहतात, हा त्याचा आणखी एक लाभ. फायटरच्या पिल्लांसाठी हवेचे बुडबुडे व्हॉल्व्हने अगदी मंद करावेत.

कोल्हापुरात वळवाच्या पावसात आणि पुढे आषाढ-श्रावणात वीज जाते, तेव्हा पाण्याच्या पातळीखाली ठेवलेल्या एअर पंपात नळीवाटे टाकीचे पाणी उलटे उतरू शकते. त्यासाठी नळीत पाणी उलटे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा किंवा पंप टाकीपेक्षा उंच ठेवावा. टाकीबाहेर ठेवला जाणारा बंदिस्त डब्याचा कॅनिस्टर फिल्टर अनेक तास बंद राहिला असेल, तर वीज आल्यावर तो आतून धुतल्याशिवाय सुरू करू नये, कारण आतले कुजलेले पाणी टाकीत येते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शहराचा पाणीपुरवठाही खंडित झाला होता. त्यामुळे पावसाळ्यात पिल्लांच्या टाकीपुरते क्लोरीन उडून गेलेले पाणी झाकून साठवलेले असावे.

पिल्ले सुमारे 2 सेंटिमीटरची झाली की तोंडावरचा स्पंज काढता येतो. मात्र गप्पीची मादी एकदा मीलन झाल्यावर साठवलेल्या शुक्राणूंवर साधारण महिन्याच्या अंतराने अनेक वेळा पिल्ले देऊ शकते, म्हणून टाकीत प्रौढ मादी असेपर्यंत तो स्पंज तसाच ठेवावा.